आईच्या ओठाचा डावा कोपरा

धीर हा गुण आमच्या घरात सगळा आईच्या वाट्याला गेला. माझ्या वाट्याला आली ती नुसती घाई. चहा उकळायच्या आत मी गॅस बंद करते आणि तो कच्चाच पिते. अंबरनाथच्या कंपनीत डिस्पॅचला होते तेव्हाही साहेबांचं वाक्य संपेपर्यंत मी दारापाशी पोचलेली असायचे.

त्या वर्षी हेंद्रेपाड्यातल्या आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन आईकडे आलं होतं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी धम्माच्या ग्रंथाची चार पानं मोठ्याने वाचायची. तोवर हे काम विहारातल्या एका रिटायर झालेल्या काकांचंच असायचं. आई सातवी शिकलेली. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जीन्सचे धागे कापत तिने दहा वर्षं काढली होती. बायकांनी तिचं नाव सुचवलं आणि ती हो म्हणाली. मग पोळ्या लाटता लाटता मोठ्याने वाचायचा सराव सुरू झाला. एक दाढ ठणकत होती, ती वाचताना त्रास द्यायला नको म्हणून पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी तिने कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरांकडून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने खाली गळलं.

"इंजेक्शन उतरलं नाही वाटतं अजून," ती म्हणाली.

"उतरेल गं," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की कानामागे दुखतंय आणि डावा डोळा मिटत नाहीये. "दाढ काढली की एवढं होणारच. झोप जरा," असं तिला सांगून मी निघाले. जिन्यात शेजारच्या मावशींनी अडवलं. त्या कोकणातल्या.

"अगो, तुझ्या आयशीच्या तोंडावरनं वारा गेलाय. बघितलंस की नाय? नदीपलीकडं एक म्हातारा मंतरून देतो. आजच ने."

मला असा संताप आला. "मावशी, आमच्या घरात झाडफूक चालत नाही," मी ताडकन म्हणाले. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून गंडेदोरे, अंगारे आमच्या उंबऱ्याच्या बाहेर, याचा मला फार ताठा. त्या ताठ्यात मावशींचं अर्धं बोलणंही मी बाहेर टाकलं. म्हातारा खोटा होता, पण चेहऱ्याला काहीतरी झालंय हे त्यांना दिसलं होतं. मला घरात राहून दिसलं नाही.

रविवारी विहारात वंदना सुरू झाली आणि आईला "बुद्धं" म्हणता येईना. ओठ एकमेकांना टेकतच नव्हते, मधून हवा निसटत होती. सोमवारी मी तिला अंबरनाथला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आपला पंजा बोटं फाकून आईच्या गालावर ठेवला. "मावशी, चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातून, एका अरुंद बोगद्यातून येते. बाहेर आली की अशी पाच बोटांसारखी पसरते. कपाळ, डोळा, गाल, ओठ, मान. ती आत सुजून अडकलीय. दाढेचा संबंध नाही, आणि हा मेंदूचा लकवाही नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू व्हायला हव्या होत्या. उशीर का केलात?"

"हिने सांगितलंच नाही," मी म्हणाले.

ते आईला रागावले. तुम्ही बायका सगळं अंगावर काढता, वगैरे. आईने माझ्याकडे पाहिलं. उजवा डोळा मिटला, उघडला. डावा नुसता बघत राहिला.

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी भिंतीवरच्या चित्रात दाखवलं होतं की चेहऱ्याचे बहुतेक स्नायू एका टोकाला हाडाला आणि दुसऱ्या टोकाला कातडीलाच चिकटलेले असतात. ओठांभोवतीचा गोल, पिशवीच्या नाडीसारखा. जबड्याची नस वेगळी, म्हणून आईला चावता येत होतं, पण घास गालात साठून राहायचा आणि ती बोटाने काढायची. भुवया वर, नाक आक्रस, गाल फुगव, शीळ घाल. सकाळ-संध्याकाळ आरशापुढे मी तिच्या शेजारी बसून हे सगळं करायचे. ती एकदा करी तोवर माझं तीनदा झालेलं असायचं. "आज जरा हललं ना? हललं की नाही?" मी सारखी विचारायचे. ती मान हलवायची, नाही म्हणून. डॉक्टरांपुढे मी खोटं बोलले हे मला तिच्यापुढे कबूल करायचं होतं, आणि रोज मी त्याऐवजी डोळ्यात घालायचे थेंब पुढे करायचे.

पौर्णिमेला दोन दिवस उरले तेव्हा विहारातले काका घरी आले. "ताई, या वर्षी मी वाचतो. तुम्ही पुढच्या वर्षी. कसं?"

"हो काका, तेच बरं," मी लगेच म्हणाले. लोक तिच्या तोंडाकडे बघतील, पोरं हसतील, हेच माझ्या डोक्यात होतं. काका गेले. आईने दार लावलं आणि तिथेच उभी राहिली.

"तू माझ्या वतीने दोनदा बोललीस," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाची एक बाजू गळत होती, तरी मला सगळं कळत होतं. "एकदा डॉक्टरांपुढे, एकदा आत्ता. माझं तोंड वाकडं झालंय. बंद नाही झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई, माझं चुकलं, एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "काकांना सांगून ये." मी सांगून आले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनाही खरं काय ते सांगितलं. त्यांना ते आठवतसुद्धा नव्हतं.

पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून ग्रंथापुढे बसली. डाव्या हाताच्या बोटाने तिने ओठाचा कोपरा वर धरला आणि उजव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून वाचायला लागली. मागे दोन मुली फिसकन हसल्या, त्यांच्या आईने त्यांना चापटी मारली. दुसऱ्या पानावर 'भिक्खू' आला आणि ती अडली. 'प', 'म' कसेबसे निघत होते, 'भ'ला ओठ मिटत नव्हते. ती पुन्हा सुरू करी आणि पुन्हा हवा निसटे. काकांनी चष्मा लावला. तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता, म्हटला असता की सुटलो असतो सगळेच. मी दोन्ही ओठ दातांखाली धरून बसले. तिने कोपरा आणखी जरा वर उचलला. शब्द आला तो अर्धाच आला, आणि ती पुढच्या ओळीवर गेली.