गाडी दोन इंच वर, बोट आत

मी भित्रा माणूस आहे, आणि हे मी कुणापासून लपवत नाही, कारण लपवायलाही थोडं धैर्य लागतं. कुत्रं, इंजेक्शन, बसच्या कंडक्टरपुढे धरलेली दहाची नोट, या सगळ्यांना मी रीतसर घाबरतो. पण ऐंशीच्या दशकात, दहिसरला राहत असताना, या सगळ्यांच्या वर एक नंबर होता. आमचे सासरे.

सासऱ्यांना सगळे तात्या म्हणायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एक जुनी पिकअप घेतली आणि बर्फाच्या कारखान्यातून मासळी बाजारात लाद्या पोचवायला सुरुवात केली. आम्ही त्यांच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायचो. (म्हणजे मी घरजावई नव्हतो. दोन खोल्या सोडून जावई होतो.) तात्या पोफळीसारखे उंच, सडसडीत आणि अबोल. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात ते माझ्याशी सहा-सात वाक्यं बोलले असतील. त्यातली दोन "दार लावा" अशी होती.

आमच्या चाळीच्या तोंडाशी एक नाला होता आणि नाल्यावरच्या फरशीत एक दगड वर आला होता. तिथून जाताना गाडीचं पोट रोज घासायचं. आवाज आला की तात्या उतरायचे, वाकून खाली बघायचे आणि गाडीच्या दारावर हलकेच थाप मारायचे. तशी थाप त्यांनी माझ्या पाठीवर कधी मारली नव्हती. ही गाडी जरा उंच करून दिली तर आपल्यालाही एखादी मिळेल, असं माझ्या मनाने घेतलं. सगळं रामायण इथून सुरू झालं.

मी तेव्हा मरोळला एका कारखान्यात टायपिस्ट होतो. टेम्पररी. आमच्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांचे पाटे बनवायचे. पाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादाच्या कमानदार पट्ट्या. त्या चाकांच्या दांड्यावर बसतात आणि त्यांच्यावर गाडी बसते. पट्ट्यांची कमान वाढवली की गाडी वर उचलली जाते. तिथल्या कारागिराने मला मागच्या दोन चाकांसाठी जास्त कमानीचे पाटे ठोकून दिले.

"दो इंच उठ जाएगी, साब. घर पे लगा लो. एक घंटे का काम है."

(या माणसाच्या घड्याळाबद्दल मला पुढे बरेच प्रश्न पडले.)

तात्या जमिनीच्या मोजणीसाठी गावी गेले होते, ते रविवारी रात्री येणार होते. रविवारी सकाळी मी पाटे बाहेर काढले. माझी बायको सुनंदा दारात उभी होती.

"अहो, तुम्हाला पंख्याचा रेग्युलेटर बदलता येत नाही."

"पंख्यात करंट असतो. यात काय आहे?"

"यात बाबा आहेत," ती म्हणाली.

मदतीला शेजारचे पेडणेकर आले. पेडणेकरांना सगळ्यातलं सगळं कळायचं, फक्त करायच्या वेळी त्यांची कंबर धरायची. डाव्या बाजूचा जुना पाटा सुटायला दुपारचे दोन वाजले. नवा पाटा पुढच्या टोकाला बसला, मध्ये दांड्याला आवळला गेला आणि मागचं टोक काही केल्या जागेवर येईना. पाट्याच्या टोकाला एक भोक असतं आणि चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लोंबणाऱ्या कडीला दुसरं. दोन्ही समोरासमोर आली की त्यातून अंगठ्याएवढी जाड पिन घालायची. आमची भोकं एकमेकांपासून चांगली तीन बोटं लांब होती. कारागिराने यावरही उपाय सांगून ठेवला होता. गाडीत मागे वजन ठेवायचं. वजनाने कमान दबते, दबली की पाटा लांब होतो आणि भोक आपसूक समोर येतं.

"वजन कुठून आणायचं?" मी विचारलं.

पेडणेकरांनी चाळीकडे बघितलं. रविवारची दुपार. गॅलरी भरलेली होती.

पहिल्या बसल्या सासूबाई, मग सुनंदा, मग स्वतः पेडणेकर, मग गॅलरीतली मंडळी, तांदूळ निवडत होत्या त्या सुपासकट. मी गाडीखाली उताणा झोपून "अजून एक, अजून एक" असं ओरडत होतो आणि भोक खरंच सरकत होतं. शेवटी तांडेल मावशी चढल्या. मावशी बाजारात मासळी विकायच्या, आणि त्या बसल्या की बाकडंसुद्धा सावरून बसायचं. अकरा माणसं झाली आणि भोकासमोर भोक आलं, अगदी झकास.

आता इथे शहाण्या माणसाने पिन घातली असती. मी बरोबर जुळलंय का ते बघायला उजव्या हाताची तर्जनी घातली.

नेमकं त्याच क्षणी पेडणेकर वहिनी नळावरून ओरडल्या, "अहो, पाणी आलं! हंडे आणा!" पेडणेकरांनी टुणकन उडी मारली. (कंबर त्या दिवशी सुट्टीवर होती.) गाडी नखभर वर झाली, भोक नखभर सरकलं आणि माझं बोट आत राहिलं.

मी जे ओरडलो त्यात शब्द नव्हते.

"काय झालं?" सुनंदाने वरून विचारलं.

"बोट! बोट अडकलंय! कुणी उतरू नका! एकजण जरी उतरलं तरी बोट तुटेल!"

  एका आठवड्यावर माझी टायपिंगची परीक्षा होती. पास झालो तर कायम, नाहीतर घरी. उजव्या तर्जनीवर टायपिस्टची सहा अक्षरं असतात: जे, यू, एच, वाय, एन, एम. ती गेली तर नोकरीचा राजीनामासुद्धा टाईप करता येणार नव्हता, कारण खाली 'युअर्स फेथफुली' कसं लिहिणार? मी झोपल्या झोपल्या बोट नसलेला स्वतःचा हात बघितला आणि मला रडायला आलं. खोटं कशाला बोलू, रडलोच.

"पेडणेकरांना परत बोलवा!" मी म्हणालो.

पण नळाला पाणी चाळीस मिनिटं यायचं आणि पेडणेकरांचा नंबर पहिला लागला होता. चाळीच्या इतिहासात पहिला नंबर कुणी सोडलेला नाही. ते तिथूनच म्हणाले, "मी पासष्ट किलो. तेवढं वजन ठेवा की दुसरं काहीतरी. घ्या, हे भरलेले चार हंडे घ्या."

शेजारधर्माला जागून त्यांनी चार हंडे गाडीत ठेवले. बोट ढिम्म हललं नाही.

"पासष्ट कधी होते?" सासूबाईंनी विचारलं.

"लग्नाआधी," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात तांडेल मावशींनी पदर खोचला. "मना पानी भराचं हाय," त्या म्हणाल्या, आणि गाडी डुगडुगली. मी खालून आईला हाक मारली. माझी आई तेव्हा रत्नागिरीला होती.

"मावशी, बसा," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पोरीचा घोव खाली आसा." मावशी बसल्या. अख्खी चाळ पाणी भरत होती आणि ही दहा माणसं आपापल्या रिकाम्या हंड्यांकडे बघत, एका टायपिस्टच्या बोटासाठी गाडीत बसून होती. मला काय वाटत होतं ते सांगतो: मला त्यांची लाज वाटत नव्हती, फक्त भीती वाटत होती की यातलं कुणीतरी शिंकेल.

आणि मग मला गाडीखालून दोन पाय दिसले. करकरीत पांढरं धोतर, खाली धुळीने भरलेल्या वहाणा. रात्री येणारे तात्या दुपारीच आले होते.

"काय चल्लाहा हयसर?"

सुनंदा म्हणाली, "बाबा, आधी गाडीत चढा. मग सांगते."

तात्यांच्या अंगावर स्वतःचं वजन फारसं नव्हतं. पण गावाहून आलेला कोकणी माणूस एकटा कधीच येत नाही. डोक्यावर तांदळाचं पोतं, खांद्यावर नारळांची पिशवी, काखेत फणस. मुलीचा आवाज ऐकून ते काही न विचारता सगळ्या गावासकट गाडीत चढले. पोतं दाणकन खाली बसलं. पाटा करकरला, भोक सरकलं आणि माझं बोट सुटलं.

बोट काळंनिळं झालं होतं, पण होतं. मी ते वाकवून बघितलं. तिन्ही पेरं हलत होती. चॅसीच्या पोटावर मी जे, यू, एच, वाय, एन, एम टाईप करून बघितलं. सगळी अक्षरं आली. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. (सुनंदाने हे वाचू नये.) शेजारी पिन पडली होती, ती मी अलगद भोकात सारली आणि "सुटलं!" असं ओरडणार, तेवढ्यात वरून तात्यांचा आवाज आला.

"माझ्या गाडयेक हात कोणी लावल्यान?"

माझं तोंड मिटलं. मग मी पुन्हा उघडलं आणि अगदी क्षीण आवाजात कण्हलो, "अजून अडकलंय हो..."

मला ठाऊक आहे, हे बरं नव्हे. पण बोट अडकलेल्या माणसाला कुणी मारत नाही, हा माझा हिशेब होता. तात्यांचा राग शांत होईपर्यंत पाच मिनिटं काढू, असा विचार केला. पाचाची दहा झाली, दहाची वीस. सुनंदाचं तात्यांना बोटाचं सगळं सांगून झालं. नळाचं पाणी गेलं. वर दहा माणसं आणि एक सासरे पुतळ्यासारखे बसलेले, आणि मी खाली अधूनमधून कण्हत होतो.

मग तात्या बोलले, आणि त्यांचा आवाज चक्क कापत होता. "कोण हलू नकात. पेडणेकरानू, नाक्यावरच्या गॅस कटरवाल्याक बोलवा. पाटो काप म्हणान सांगा, लागली तर चॅसी काप. गाडी दुसरी घेवक येता. बोट खयसून हाडूचा?"

चार वर्षांतलं त्यांचं माझ्यासाठीचं ते सगळ्यात लांब बोलणं.  या माणसाला आपण काय समजत होतो, असं वाटलं. आत्ता बाहेर जाऊन पाय धरावेत असंही वाटलं. पण आता खरं सांगायचं म्हणजे वीस मिनिटांचंही सांगावं लागणार होतं, म्हणून मी आणखी एकदा कण्हलो.

पेडणेकर वहिनींना मात्र आपल्या नवऱ्याच्या उडीचं वाईट वाटत होतं. त्यांनी आलं घातलेला कडक चहा केला आणि कपबशी हळूच गाडीखाली सरकवली. "घ्या हो भाऊजी. चक्कर येईल नाहीतर."

सकाळपासून पोटात काही नव्हतं. गाडीची डावी बाजू दोन इंच उंच झाल्यामुळे कोपरावर टेकून रेलता येईल इतकी जागाही झाली होती. चहा उकळता होता. मी नेहमीच्या सवयीने कप एका हातात घेतला, बशी दुसऱ्या हातात घेतली, चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि मन लावून एक लांब भुरका मारला.

 मी दुसरा भुरका मारला.

"सुनंदा," तात्या शांतपणे म्हणाले, "तेंका एक बिस्कूट पण दी. बुडवूक तिसरो हात आसतलो."

परीक्षा मी पास झालो, आणि उजवा पाटा तात्यांनी गॅरेजात बसवून घेतल्यावर गाडीही नाल्यावर पुन्हा घासली नाही. पण त्या दिवसापासून सासुरवाडीला सगळ्यांना चहा कपबशीतून मिळतो. मला ग्लासातून देतात.