माझ्या वाट्याची भाकर

आमच्या चर्चच्या मंडळीने मला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घ्यायला बंदी केली, त्याला आता वर्ष उलटून गेलं. हे मी खाली मान घालून लिहीत नाही. ज्या प्रश्नांमुळे बंदी झाली ते प्रश्न आजही माझ्याजवळ आहेत, आणि ज्याच्याबद्दल ते होते त्या येशूने मला त्या दिवसांत टाकलं नाही, एवढंच सांगायचं आहे. चमत्कार घडला असं मी म्हणणार नाही. काय घडलं ते सांगते.

आम्ही नाहूरला राहतो, आई आणि मी. मी मुलुंडच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. माझे आजोबा नगरकडच्या खेड्यात ख्रिस्ती झाले आणि गावाने वाळीत टाकल्यावर मुंबईत आले. चर्च हेच आमचं गाव. रविवारी उपासनेआधी मी मोठ्या मुलामुलींचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घेत असे. नाताळ जवळ आला होता तेव्हा वर्गातल्या रियाने मत्तय आणि लूक ही येशूच्या चरित्राची दोन शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि मला विचारलं, "टीचर, मत्तयात मरीया-योसेफ बाळाला घेऊन हेरोद राजाच्या भीतीने मिसर देशात पळतात. लूकात ते मंदिरात जातात आणि आरामात नासरेथला घरी परततात. मग खरं काय झालं?"

इतिहासाची दोन साधनं जुळत नसतील तर काय करायचं, हे मी जन्मभर शाळेत शिकवलं होतं. ती अक्कल चर्चच्या दाराबाहेर काढून ठेवणं मला जमलं नाही. मी सांगितलं की शुभवर्तमानं येशूच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी लिहिली गेली, लिहिणाऱ्यांनी आठवणी आणि ऐकीव गोष्टी गोळा केल्या, आणि जन्माच्या कथा बहुधा इतिहास म्हणून नव्हे, तर प्रेमापोटी रचल्या गेल्या. मग रियाने पुनरुत्थानाचं विचारलं. मी म्हटलं, मरणानंतर येशू आपल्याला पुन्हा भेटला अशी त्याच्या माणसांची खात्री होती, यात मला शंका नाही. पण देह कबरेतून उठून चालला का, ते मला माहीत नाही.

ते 'माहीत नाही' आठवडाभरात सगळ्या मंडळीत पोचलं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी मला बोलावलं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, वयाने माझ्याहून लहान, भले गृहस्थ. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की मंडळीपुढे उभं राहून एकदा 'माझी चूक झाली' म्हणा, विषय संपला. मी म्हटलं, चूक कुठे आहे ते शास्त्र उघडून दाखवा, मी लगेच म्हणते. कुणी उघडलं नाही. एक वडीलधारे पंच मात्र खरोखर दुखावले होते. आपल्या आजा-पणज्यांनी या विश्वासासाठी घरदार सोडलं, असं ते म्हणाले. त्यांचा मान राखूनच मी बोलले. "काका, माझ्या आजोबांनी गावाने सांगितलेलं गुमान ऐकलं असतं, तर मी आज ख्रिस्ती नसते." वर्ग माझ्याकडून काढून घेतला, आणि चूक कबूल करेपर्यंत प्रभुभोजनाला येऊ नये असं ठरलं.

मी तरीही दर रविवारी जात राहिले, आईला धरून नेत असे आणि शेवटच्या बाकावर बसत असे. भाकर आणि प्याला समोर मांडला जायचा तेव्हा मी गुडघे आखडून बसून राहायचे आणि शेजारच्या बायका मला ओलांडून पुढे जायच्या. आई जाऊन यायची. माझ्या शंकांबद्दल तिने मला कधी एक शब्द विचारला नाही. ती माझ्यावर रागावली आहे असंच मी धरून चालले होते.

उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. तिला सरकारी इस्पितळात ठेवलं. मंडळीतून एका बाईचा फोन आला आणि ती फार मायेने म्हणाली की देव तुला इशारा देतोय, अजून वेळ गेलेली नाही. मी फोन ठेवला आणि खूप दिवसांनी रडले. माझ्या प्रश्नांसाठी देव एका म्हातारीचा हात लुळा करत असेल, तर असा देव मला नको, हे मी त्याला तिथेच, वॉर्डच्या खिडकीशी उभी राहून सांगितलं. पण सांगताना मी त्याच्याशीच बोलत होते, हेही खरं.

आईला कूस बदलून द्यायची होती आणि माझ्या एकटीने होईना. तेव्हा बाजूच्या खाटेवरच्या सासूजवळ बसलेली एक बाई उठून आली. चंद्रा तिचं नाव, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, घरचा धंदा मासळीचा. न विचारता तिने आईच्या पाठीखाली हात घातला. पुढचे दिवस ती सासूचं आणि आईचं, दोघींचं करत राहिली. घरून पेज आणायची ती दोन डब्यांत. मी काही बोलायला गेले की म्हणायची, "राहू दे गो बाय, हात तर मोकळेच हायेत."

एका दुपारी आईच्या उशाशी ठेवलेला लाकडी क्रूस पाहून तिने विचारलं, "हा तुमचा देव. त्याचं काय झालं होतं?"

आयुष्यात मला हे कुणी असं विचारलं नव्हतं. माझ्या ओळखीचे सगळे एकतर आधीच मानणारे, नाहीतर वाद घालणारे. मी जपून बोलायला लागले, जेवढं मला खात्रीने म्हणता येईल तेवढंच. एका लहान गावातला सुतार होता. त्याच्या सोबत्यांत मासे धरणारे होते. लोक ज्यांच्या ताटाला शिवत नव्हते त्यांच्या पंगतीत तो बसला. शत्रूवर प्रेम करा म्हणाला. राजधानीत जाऊन मोठ्या माणसांना तोंडावर बोलला, म्हणून सरकारने त्याला खिळे ठोकून मारला. त्याचे मित्र भिऊन पळाले, आणि तेच मित्र थोड्या दिवसांत परत आले, न भिता, आणि तो जिवंत आहे म्हणून सांगत मरेपर्यंत फिरले.

"मंग, व्हता जिवंत?" चंद्राने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण मी त्याला सोडू शकत नाही."

सगळं चाळून टाकल्यावर हातात काही उरणार नाही अशी भीती मला महिनोन् महिने होती, आणि जे उरलं होतं ते मी आत्ताच तोंडाने सांगितलं होतं. आईचे डोळे मिटलेले होते. ती झोपली आहे असं मला वाटलं.

गुड फ्रायडेच्या आधल्या दिवशी पाळकसाहेब आईला प्रभुभोजन द्यायला आले, सोबत ते वडीलधारे पंच. प्रार्थना झाली. पाळकसाहेब हलक्या आवाजात मला म्हणाले, "बाई, एकच वाक्य म्हणा. मग दोघी मिळून घ्या." समोर लुळी पडलेली आई होती. त्या क्षणी खोटं बोलणं फार सोपं होतं आणि कुणी दोषही दिला नसता. मी म्हटलं, "या भाकरीपुढे तरी मी खोटं बोलणार नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा आईच्या डाव्या हातात दिला. आईने तो तोंडाकडे नेला आणि थांबली. मग दातांत धरून, हाताने ओढून, तिने त्याचे दोन तुकडे केले, आणि एक माझ्यापुढे धरला. पंच अडवायला पुढे सरकले. आई जड जिभेने, पण सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "त्या दुपारी ऐकलं मी तुझं. खा."

मी खाल्ली. पाळकसाहेबांनी अडवलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी प्याला आईच्या ओठांना लावला, डोक्यावर हात ठेवला आणि पंचांना घेऊन गेले.

आई घरी आली. आता भिंतीला धरून चालते. बंदी अजून आहे. मी अजून चूक कबूल केलेली नाही आणि करणार नाही. चंद्राच्या सासूबाई वारल्या, तेव्हा आम्ही दोघी कोळीवाड्यात जाऊन बसून आलो.

संध्याकाळी मी आईला मार्काचं शुभवर्तमान वाचून दाखवते. ते बहुधा सगळ्यांत जुनं. परवा मी तिला सांगितलं की त्याच्या सगळ्यांत जुन्या प्रतींत शेवटी येशू दिसतच नाही. बायका रिकामी कबर पाहून पळतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत, तिथेच ते संपतं. आईने विचारलं,

"मग आपल्यापर्यंत कसं आलं?"

"कुणीतरी भ्यायचं सोडलं असेल," मी म्हटलं.

आई हसली, एका बाजूने. मी पुस्तक मिटलं आणि आम्ही रोजची प्रार्थना केली. शरण जाणं म्हणजे प्रश्न टाकून देणं असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. मी माझे सगळे प्रश्न घेऊन त्याच्याकडे जाते. अजून त्याने मला परत पाठवलेलं नाही.