अंगठ्याची बिस्किटं

एक होतं एकोडी गाव. तिथं राहे एक बुढी, तिची सून मंदा अन् लग्नाची नात पल्लवी. बुढी म्हणजे मीच! आता या बुढीनं मंडईच्या दिवशी काय करून ठेवलं, कसं सांगू तुम्हाले? हसान तं हसा, पण चहा सांडू नका.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडईची जत्रा भरते. पाव्हणे येतात, दंडारीचे नाच-नाटक पाहतात अन् जाता जाता सोयरिकी जुळवून जातात. त्या साली साकोलीचे पाव्हणे पल्लवीले पाहाले येणार होते. पोरगा तिच्या मनात भरलेला. पण सारं अडलं होतं त्याच्या आजीपाशी. मोठी कडक बाई म्हणे!

"चिवडा-चकल्या तं सारेच देतात," पल्लवी म्हणे, "आपण चीजची खारी बिस्किटं देऊ." पीठ तिनंच मळलं, गोल गोल थापलं. मले फक्त साकोलीच्या भट्टीवरून भाजून आणायचं काम. मंदानं बजावलं, "आई, डबा पाव्हण्यांसमोरच उघडू. चाखू नका!"

मी कायले चाखते? त्या चीजच्या वासानंच माझं पोट भरलं होतं!

भट्टीवर ही मोठी रांग! आपला माल ओळखू यावा म्हणून मी हरेक बिस्किटावर अंगठा दाबला. सही येत नाही ना बाप्पा, आपला अंगठाच कामाचा. तेवढ्यात एक बुढी आपले ट्रे माझ्यापुढं सरकवाले लागली.

"ओ बाई, रांग दिसत नाही का?"

"दिसते ना! पण तुमच्या पिठाचा वास सोसत नाही. पायमोजे मळले का त्यात?"

"पायमोजे तुमच्या नाकात असतीन!"

झालं! दोघीनं पदर खोचले. भट्टीवाल्यानं कधी ट्रे काढले, कधी डबे भरले, पत्ता नाही. अंगठ्याचा डबा पाहून मी उचलला अन् तरातरा निघाली.

मंडईच्या दिवशी पाव्हणे बसले. पोराची आजी मागून येऊन राहिली होती. मी थाटात बशी फिरवली. मंदा आतूनच म्हणे, "चीजची खारी आहेत जी!"

पोराच्या बापानं तुकडा मोडला. "पण हे तं गोड लागते!"

मी जन्मात चीज खाल्लं होतं का? पण हार कोण मानते! "चीज म्हणजे दूधच ना बापू? दूध कधी खारट असते का? माझ्या हातचं आहे, मायनं शिकवलेलं!"

मंदा दारातून डोळे वटारे, हात हालवे. मले वाटलं, आणखी वाढा म्हणते. वाढले!

"वा वं बाई! नानखटाई माझी, अन् शिकवणारी माय तुमची?"

दारात पाहते तं काय, भट्टीवरची बुढी! तीच पोराची आजी! नानखटाईले मधोमध अंगठा दाबतातच की. भांडायच्या नादात मी पाह्यलंच नव्हतं.

पल्लवीचं तोंड एवढंसं झालं. "चुकली मी, इहीणबाई," मी हात जोडले.

बुढीनं बगलेतला डबा उघडून दाखवला. रिकामा! "आमच्या या पोट्ट्यानं तुमची सारी बिस्किटं फस्त केली. म्हणे, आजी, असे पायमोजे रोज मळ! तुम्ही मंडईत भेटान म्हणून डबा घेऊनच आली. कोणी मळलं हे पीठ?"

"मी..." सवयीनं निघालंच तोंडातून! मंदानं असा चिमटा काढला म्हणता! "...माझ्या नातीनं!"

"मंग सोयरीक पक्की!"

लग्न झालं, पोरगी सुखात आहे. पण भर मंडपात इहीणबाई साऱ्यांले सांगत फिरे, "आमची इहीण लय गुणाची. फक्त 'माझ्या हातचं आहे' म्हणाली, तं आधी विचारजा, कोणाच्या हातचं?"