चौदा जणींची झाकणं

मर्गिलान शहरात आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेचा जुना पोहण्याचा तलाव आहे. तो सांभाळणाऱ्या होसियत ओपा, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या ताई, रेशमाच्या कारखान्यात तीस वर्षं रंगांचं प्रमाण ठरवायच्या. निवृत्त झाल्या, पण मोजायची सवय गेली नाही. पुलावातलं मीठसुद्धा त्या तराजूवर तोलतात, आणि सुना मागे हसतात.

यंदा उन्हाळ्यात तलाव तीन दिवसांत हिरवागार झाला. मोहल्ल्याचे प्रमुख तुर्सुनअली ओता, म्हणजे गल्लीचे बाबा, पाण्यात काठी फिरवून म्हणाले, "होसियत, सोमवारी सकाळी तळाची जाळी दिसली नाही, तर हा खड्डा बुजवतो. वर गाड्या लावू."

"आणि दिसली तर?"

"तर माग, काय हवं ते."

"सकाळी एक तास फक्त बायकांचा."

ओता लगेच "बरं" म्हणाले. जाळी दिसणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

उन्हात क्लोरीन टिकत नाही, म्हणून ओपांनी ते शुक्रवारी ऊन उतरल्यावर टाकलं. शनिवारी हशर ठरला, म्हणजे गल्लीने मिळून बिनपैशाचं काम करायचं. चौदा जणींनी ब्रशने भिंती घासल्या. क्लोरीन उतरल्याचं पाणी तपासायच्या पट्टीवर पाहून ओपांनी शेवाळनाशक मोजून ओतलं आणि डबा काठावर ठेवून त्या गाळणी धुवायला गेल्या.

आमच्याकडे नवरोजला सुमालक ही गव्हाच्या अंकुरांची खीर शिजते तेव्हा प्रत्येक बाई कढईत एकदा तरी पळी फिरवते आणि मनात काहीतरी मागते. पळी न फिरवता घरी जाणं म्हणजे आलोच नाही असं होतं. त्याच सवयीने शेजारच्या मंझुराने काठावरच्या डब्यातून एक झाकण तलावात ओतलं. मग सगळ्यांनीच ओतलं.

ओपांनी पंप सुरू केला आणि जादा शेवाळनाशकाने तलाव उतू जाणाऱ्या दुधासारखा फेसाळला.

"कोणी किती घातलं गं?"

सगळ्या एकमेकींच्या मागे सरकल्या.

"अगं, रागवत नाही मी! किती पाणी बदलायचं ते कळायला नको?" डबा हातोहात फिरताना बराचसा पायऱ्यांवर सांडला होता, त्यामुळे उरलेलं मोजून उपयोग नव्हता.

"मी एकच, ओपा."

"मी तर अर्धंच."

"खरं सांगेल तिला पाण्यात उतरायचा पहिला मान!"

"मग माझी तीन!" मंझुरा ओरडली.

"माझी चार! एक सुनेच्या नावाचं!"

ओपांनी कपाळावर हात मारला. "तुम्हाला विचारण्यापेक्षा पाण्यालाच विचारते."

त्यांनी बाटलीत तलावाचं पाणी भरून खळखळून हलवलं आणि फेस बसेपर्यंत आकडे मोजले. एकशे चाळीस झाले तरी फेस होताच. मग पाणी गटारात सोडायचं, विहिरीचं भरायचं, पुन्हा बाटली हलवायची. बायका बादल्यांनी फेस उपसत होत्या. रविवारी दुपारपर्यंत आकडा वीसवर आला. संध्याकाळी ओपांनी पुन्हा क्लोरीन टाकलं.

सोमवारी ओता काठावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"दिसली का?" ओपांनी विचारलं.

"भोकं मोजतोय." मग ते कंबर धरून उठले. "बत्तीस. घे तुझा तास. सात ते आठ."

बायकांनी एकच गलका केला. मंझुरा पायऱ्यांकडे धावली, पण ओपांनी पट्टी पाण्यात बुडवून तिला दंडाला धरलं. "क्लोरीन अजून चढं आहे. उद्या सकाळी."

"उद्या? अहो ओपा, मी पोहायचे कपडे आतून घालूनच आलेय!"

"मग आज स्वयंपाक त्यातच कर."

"सासूबाई काय म्हणतील?"

"त्यांना काय विचारतेस?" ओपा म्हणाल्या. "त्या तर मघाशीच माझ्याकडे पोहायची टोपी मागून गेल्या."