पाहुण्यांना सांगायची गोष्ट

आमच्या थोरल्या जाऊबाई तोंडाच्या फटकळ. त्यांचं आणि भाऊजींचं भांडण सकाळी चहाच्या आधी सुरू व्हायचं. भाऊजी होडी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत, त्या दिवशीही भांडण झालं होतं. मी नेमकी माहेरी होते. धावत आले, तर जाऊबाई एकच धरून बसल्या होत्या, 'भांडून पाठवलं गं मी त्यांना.'

पुढे आमच्या बेटावर पाहुणे यायला लागले. गावाने समिती केली, घरोघरी एकेक खोली त्यांच्यासाठी रिकामी झाली. संध्याकाळी धक्क्यावर गावातल्या कुणीतरी पाहुण्यांना आपली गोष्ट सांगायची आणि समितीने तिचे पैसे द्यायचे, असंही ठरलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे शाळेतले मास्तर. ते जाऊबाईंकडे आले.

'तुम्ही सांगा, वहिनी. फक्त ते भांडण तेवढं गाळा. माणसं सुट्टीला येतात.'

जाऊबाईंनी त्यांना चांगलं झाडलं. पण घरात कमावणारं कुणी नव्हतं आणि लेक शिकायची होती. शेवटी भांडण गेलं. त्या जागी भाऊजी उंबऱ्यात मागे वळून 'दिवा लावून ठेव, येतोच' म्हणायला लागले. जन्मात इतकं गोड बोलले नव्हते बिचारे. पाहुण्या बायका डोळे पुसायच्या. मला चीड यायची, पण बोलणार कुठल्या तोंडाने? माझीही चूल त्याच पाहुण्यांवर पेटत होती.

लेक शिकली, इथल्याच दवाखान्यात नर्स झाली. गोष्ट चालूच राहिली.

परवा आम्ही दोघी पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होतो. जाऊबाई मध्येच थांबल्या.

'जाताना काय म्हणाले होते गं ते?'

'दिवा लावून ठेव.'

'ते मी म्हणते. ते काय म्हणाले होते?'

मला कुठून ठाऊक असणार? तसं सांगितलं.

'शिवी दिली होती मला. दार आपटलं आणि गेले. कुठली शिवी, तेच आठवेना झालंय. डोकं फुटायची वेळ आली.' त्या खालीच बसल्या. 'त्यांचं शेवटचं तेवढंच होतं माझ्यापाशी.'

मीही शेजारी बसले. भाऊजींच्या तोंडच्या जेवढ्या शिव्या मला आठवत होत्या, त्या सगळ्या एकेक करून म्हणून दाखवल्या, अगदी त्यांच्यासारखा आवाज चढवून. प्रत्येक शिवीला जाऊबाई आशेने माझ्याकडे बघायच्या आणि मान हलवायच्या.

'ही नव्हे गं.'