सगळं विसरणारा कॉम्प्युटर

गिऱ्हाईक कॉम्प्युटरसमोर बसलं की जिभाऊ आपली खुर्ची रस्त्याकडे फिरवायचे. म्हसावदच्या स्टँडजवळ त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. ज्याला टाइप करता येतं त्याला ते स्वतःचं काम स्वतः करू द्यायचे आणि तोवर पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या पाहत बसायचे. माणूस उठला की ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचे आणि कोरा पडदा त्यालाच दाखवायचे. “देखी ले. तू आठे उनाच नई.” तू इथे आलाच नाहीस, असं.

आधी असं नव्हतं. ब्राउझर जसा येतो तसाच होता, सगळं लक्षात ठेवणारा. एकदा गावातल्या एका माणसानं त्यावर आपल्या दुखण्याबद्दल वाचलं. त्याच्यानंतर बसलेल्या शेजाऱ्यानं एक अक्षर दाबलं आणि त्या दुखण्याचं नाव वरच्या पट्टीत आपोआप पुढे आलं. गोष्ट गावभर झाली, त्या माणसाच्या पोरीची सोयरीक मोडली. मग जिभाऊंनी सेटिंग बदलली. ब्राउझर बंद केला की कोणी काय पाहिलं, पासवर्ड, सगळं पुसून जायचं.

लोकांना त्याचा त्रासच व्हायचा. दर खेपेला पासवर्ड नव्यानं टाका, ओटीपी नव्यानं मागवा, आणि ओटीपी येणारा मोबाइल शेतात पाणी भरणाऱ्या पोराच्या खिशात. चुकून खिडकी बंद झाली की अर्धा फॉर्म पहिल्यापासून. समोरच्या दुकानातला कॉम्प्युटर सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवायचा, तिथे काम झटपट व्हायचं. पीकविम्याच्या दिवसांत निम्मी गर्दी तिकडे. एक म्हातारबाबा वैतागून म्हणाले, “जिभाऊ, तुन्हा कॉम्प्युटर मन्हापेक्षा म्हातारा व्हयी गया. त्याले काहीच याद ऱ्हात नई.”

“म्हनीसनच तो तुन्हं कोनले सांगत नई, आबा,” जिभाऊ म्हणाले.

मी नववीत शाळा सोडली. आई वारली होती, घर पाहायला दुसरं कोणी नव्हतं. अठरावं सरताच वडिलांनी सोयरीक ठरवली. नवऱ्यामुलाची पहिली बायको भाजून मेली होती. कशी, ते कोणी विचारत नव्हतं. रेशनकार्डाच्या कामाला म्हणून मी जिभाऊंकडे गेले आणि विचारलं, मी जरा स्वतः पाहू का? त्यांनी खुर्ची फिरवली. तिरुपूरला कापडाच्या कारखान्यात मुली घेतात, राहायची सोय असते, हे मला त्या पडद्यावर कळलं. माझी बोटं भलतीच अक्षरं दाबत होती. मागे न बघता ते म्हणाले, “सावकाश कर, माय. कोनी देखत नई.”

मी तिरुपूरला निघून आल्यावर वडील आणि भाऊ त्यांच्याकडे गेले. कोणीतरी मला दुकानात पाहिलं होतं. जिभाऊंनी भावालाच कॉम्प्युटरसमोर बसवलं, म्हणाले, शोध. काही सापडलं नाही. भाऊ शिव्या देत गेला. वडील मात्र बाकावर बसून राहिले. हे मला जिभाऊंनीच पुढे फोनवर सांगितलं. दुकानाच्या पाटीवरचा नंबर मी येताना पाठ करून आणला होता. अधूनमधून मी फोन करायचे. ते ‘तुन्हा बाप बरा शे’ एवढं सांगायचे, मी कुठे आहे ते कधी विचारायचे नाहीत. माझा नंबरसुद्धा त्यांनी फोनमध्ये नाव घालून ठेवला नाही. आज मी जिवंत आहे, स्वतःचं कमावून खाते, ते त्या फिरवलेल्या खुर्चीमुळे, असं मी तेव्हा मानत होते. अजूनही मानते.

मग त्यांचा मुलगा योगेश निघून गेला. एकुलता, बारावी झालेला. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. जिभाऊ जेवायला घरी गेले असताना तो दुकानात बसला होता. ते परत आले तेव्हा दुकान उघडं, मोबाइल टेबलावर आणि पोरगा नाही. पोलिसांनी विचारलं, जाण्याआधी त्यानं कॉम्प्युटरवर काय पाहिलं? जिभाऊंनी ब्राउझर उघडला. कोरा. कॉम्प्युटर घेऊन ते धुळ्याला एका जाणकाराकडे गेले. त्यानं खूप खटपट केली आणि शेवटी म्हणाला की काही निघत नाही, ज्यानं हे केलंय त्यानं काम पक्कं केलंय. हे वाक्य जिभाऊंनी मला फोनवर किती वेळा ऐकवलं असेल.

त्यानंतर त्यांनी सेटिंग पूर्ववत केली. कॉम्प्युटर पुन्हा सगळं लक्षात ठेवू लागला आणि दुकान बंद करायच्या आधी जिभाऊ ते वाचू लागले. “कोनी सुरतनी गाडी देखी, की मन्हा जीव वर-खाले व्हस,” म्हणायचे. एकदा सांगू लागले की एक पोरगी बाहेरगावची नोकरी शोधत होती, त्यांनी तिच्या घरी जाऊन कळवलं. आता तिचं कॉलेज बंद आहे, ती घरीच असते. “एका बापनी पोर मी वाचाडी.”

ती पोरगी कोण, मला माहीत नाही. पण तिची बोटं मला दिसत होती. मी फोन ठेवला, आणि पुष्कळ दिवस केला नाही.

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. माझा नाव नसलेला नंबर फोनमध्ये शोधून पहिल्यांदाच त्यांनी फोन केला. “पोरी, तवय माले माहीत ऱ्हातं, आनि मी तुन्हा बापले सांगी देतू, तर?”

मी म्हटलं, मी वाचले नसते, जिभाऊ.

“आनि तुन्हा बाप? तो वाचना का?”

मग तेच म्हणाले, “एक फोन कर त्याले. जित्ती शे, इतलंच सांग. गाव नको सांगू.”

मी केला. जिवंत आहे, एवढंच सांगितलं. वडील म्हणाले, बरं. जेवतेस ना वेळेवर? कुठे आहेस, हे त्यांनी विचारलं नाही. मी जिभाऊंना कळवलं, तर त्यांनी सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. आधी कोण बोललं, आवाज कसा होता, रडला का, फोन कोणी ठेवला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “माले बी इतलंच पुरतं.”

त्यांना तेवढंही मिळालं नाही. थंडीत ते वारले. हे मला वडिलांनी सांगितलं. योगेशचा अजून पत्ता नाही, दुकानाला कुलूप आहे, पण त्यांच्या बायकोनं, काकूंनी, जिभाऊंचा फोन बंद होऊ दिलेला नाही. योगेशनं कधी केलाच तर, म्हणून चार्ज करून जवळ ठेवतात, रानात जाताना पदराला बांधून नेतात. काकूंशी बोलावं, जिभाऊंचं माझ्यावर केवढं ऋण आहे ते सांगावं, असं मला रोज वाटतं. पण त्या फोनवर माझं नाव उमटणार नाही. दूरचा, अनोळखी नंबर दिसेल. तो उचलेपर्यंत काकूंना काय वाटेल, आणि माझा आवाज ऐकल्यावर काय वाटेल, ते मला माहीत आहे. म्हणून मी फोन करत नाही.