पूजेसाठी घासलेला हुक

खंडेनवमीला कॉलेजात आमच्या विभागात यंत्रांची पूजा होते. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पिंपरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक कारखान्यात पूजा होते, मग धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेनेच का मागे राहावं? भट्टीला झेंडूची माळ, चाचणीच्या यंत्राला हळदीकुंकू, मुलांना पेढे. पण त्या एका वर्षीची पूजा आठवली की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

झालं असं, की चाकणच्या एका लहान कारखान्यात क्रेनचा हुक तुटला आणि खाली उभ्या असलेल्या कामगाराचा पाय चिरडला. क्रेन चालवणाऱ्याने जास्त वजन उचललं, असं मालकाचं म्हणणं. म्हणून त्या क्रेनवाल्याला घरी बसवलं होतं. तो म्हणत होता, वजन रोजचंच होतं, हुकच आधीपासून तडकलेला असणार. तुटलेला हुक तपासायला माझ्याकडे आला.

लोखंड एका झटक्यात तुटलं, तर तुटलेलं तोंड सगळीकडे सारखंच ताजं दिसतं. जुना तडा असेल, तर तेवढ्या भागाला हवापाणी लागून गंज चढतो. म्हणून तुटलेल्या तोंडाला बोटसुद्धा लावायचं नाही, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. हुक आला त्या संध्याकाळी भिंगातून पाहिलं, तर निम्म्या तोंडावर जुना, तपकिरी गंज. माणूस खरं बोलत होता. सूक्ष्मदर्शकाची खोली दुसऱ्या दिवशीच्या पूजेच्या सजावटीसाठी बंद होती आणि मोबाइलवरचा फोटो धूसर आला. मी हुक पिशवीत बांधला, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली आणि पुनावळ्याला घरी गेले.

सकाळी येऊन पाहते तर हुक पाटावर मांडलेला. तारेच्या ब्रशने घासलेला, तेल चोपडलेला, आणि नेमकं तुटलेल्या तोंडावर कुंकवाचं बोट.

"हे कोणी केलं?"

"मीच करायला सांगितलं," विभागप्रमुख म्हणाले. "पाहुणे येणार, फोटो निघणार. गंजकं लोखंड पूजेला कसं ठेवायचं? आणि स्वच्छ झाल्यावर तुम्हालाच बघायला सोपं, नाही का मॅडम?"

या गृहस्थांची डॉक्टरेट गंजावर आहे.

मी म्हटलं, "सर, एका माणसाची नोकरी त्या गंजावर होती."

"सणाच्या दिवशी कशाला चिडता? अहवालात लिहा, कारण निश्चित सांगता येत नाही. कोणाचंच नुकसान नाही."

मालकाला तेवढंच हवं होतं. हुक कापला असता तर आतल्या तड्यांचा माग अजूनही लागला असता, पण कापायला मालकाने साफ नकार दिला, आणि आमच्या साहेबांनी मान डोलावली. मी गंज पाहिल्याचं लिहिलं होतं, ते वाक्य त्यांनी काढून टाकलं. म्हणे, नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं शास्त्रात बसत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही पेढे वाटून.

पुढच्या आठवड्यात क्रेनवाला स्वतःच आला. लातूरकडचा, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावरच्या हुकाला हात लावून त्याने तोच हात कपाळाला लावला.

"लई चकाचक केलात मॅडम. आता समदं साफ दिसत असंल."

मला त्याच्याकडे बघवेना. "आता काहीच दिसत नाही," मी म्हटलं. "पूजेसाठी आमच्याच लोकांनी घासून टाकलं. जुना तडा होता. मी पाहिला होता."

त्याने हुकावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुमी बघितलाय, तर तसं लिहून द्या की."

मी कोरा कागद ओढला. जे पाहिलं ते लिहिलं, खाली सही केली, तो धूसर फोटो छापून जोडला. त्याने कागद वरखाली पाहिला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"शिक्का न्हाई व्हय?"

शिक्का विभागप्रमुखांच्या कपाटात होता.